कशाला धरून मोजायचं?

८ जुलै, कराड

भांडारातून कॅम्बर-कास्टर गेजची पेटी काढून आणली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं स्टेअरिंग आणि सस्पेन्शन या आठवड्यात सुरू होतंय. हायवेवरच्या टायरच्या दुकानात कॅमेऱ्याचं नवं मशीन आलंय, तिथे त्यांना नेणार आहेच. पण त्याआधी प्रत्येकाने सगळे कोन हाताने मोजलेले असले पाहिजेत, असं यंदा ठरवलं आहे. मशीन पाच-सात मिनिटांत सगळं पडद्यावर आणतं. बरोबर असेल ते हिरवं, चुकलेलं लाल. मुलं रंग वाचायला शिकतात आणि तिथेच थांबतात. कोन म्हटला की दोन रेषा आल्या. एक चाकाची. दुसरी कुठली? तो विचार झाला नाही, तर आकडा हातात येऊनही काही कळलेलं नसतं.

गेज चांगल्या स्थितीत आहे. तळहातात मावेल असा ओतीव तुकडा, पाठीला गोल लोहचुंबक, अंगावर काचेच्या तीन नळ्या आणि प्रत्येकीत बुडबुडा. कॅम्बरच्या नळीवर शून्याच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव अंशाच्या खुणा. कास्टरच्या नळीखाली एक छोटा स्क्रू, बुडबुडा शून्यावर आणण्यासाठी. तिसरी नळी किंगपिनच्या, म्हणजे चाक वळतं त्या आसाच्या, कलासाठी. चुंबकाच्या तोंडावर गंजाचा एक कण राहिला तरी गेज तिरकं बसतं, म्हणून आधी ते तोंड पॉलिश पेपरने साफ केलं. मग जाड लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये उभी आवळली. गेज एका बाजूला लावून वाचलं, मग त्याच पट्टीच्या दुसऱ्या बाजूला. पट्टी जरा कललेली असणारच, पण एकीकडे अधिक पाव आला तर दुसरीकडे उणे पाव यायला हवा. आला. गेजवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

९ जुलै

आजचा पूर्ण तास फरशीवर गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

बुडबुड्याला गाडी कळत नाही, त्याला फक्त पृथ्वीची ओढ कळते. तो जे सांगतो ते आडव्या पातळीला धरून. म्हणजे गाडी उभी आहे ती जमीनच कलती असेल, तर तो कल चाकाच्या नावावर जमा होणार. मुलांना हिशेब करायला लावला. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १४०० मिलिमीटर धरा. एक बाजू ६ मिलिमीटर खाली असेल तर गाडी पाव अंश कलली. गेजवरची एक अख्खी खूण! सहा मिलिमीटर म्हणजे वर्कशॉपच्या फरशीला सहज असणारा उतार. धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून गवंड्याने तो मुद्दाम दिलेला असतो.

लेव्हलसाठी पारदर्शक नळी आणली, घराच्या बांधकामावर वापरतात तीच. पाणी भरताना आत हवेचे फुगे राहू द्यायचे नाहीत, हे दोन मुलांना माहीत होतं. दोघांच्याही घरी गवंडीकाम. त्यांनीच पुढाकार घेतला. चार चाकं जिथे येतात तिथे खडूने चौकोन काढले, एका चौकोनावर नळीचं एक टोक धरून बाकी तीन तपासले. मागचा उजवा कोपरा ७ मिलिमीटर खाली, पुढचा उजवा ४. पुढे टर्नटेबल येणार, मागे तेवढ्याच जाडीचे लाकडी ठोकळे, आणि जिथे कमी तिथे पत्र्याचे तुकडे. कुठल्या कोपऱ्यात किती जाडीचा पत्रा, ते तैलरंगाने फरशीवरच लिहून ठेवलं.

११ जुलै

काल बेंदराची सुट्टी. आज कॅम्बर.

गाडीकडे समोरून पाहायचं. चाकाचा माथा बाहेर झुकलेला असेल तर अधिक, आत झुकलेला असेल तर उणे. व्याख्या दोन वाक्यांत संपते. वेळ लागतो मोजण्याच्या आधीच्या कामांना आणि नेमकी तीच टाळली जातात. चारही टायरांत हवा सारखी हवी. पुढच्या डाव्या टायरात २२ पौंड होती, उजव्यात ३१. तशीच मोजली असती तर गाडी डावीकडे बसलेलीच होती. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहिलं, बॉल जॉइंट आणि बेअरिंगमध्ये प्ले नाही ना. डावीकडे-उजवीकडे हलवून टायरॉड एंड तपासले. सैल जोडाच्या गाडीचा कोन मोजण्यात अर्थ नाही, प्रत्येक खड्ड्यानंतर तो नवा असतो. शेवटी गाडी खाली घेऊन बॉनेट दोन-तीनदा दाबून सोडलं, म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतात.

एवढं झाल्यावर ग्रीसची टोपी काढून हबच्या घासलेल्या तोंडाला गेज चिकटवलं. संस्थेच्या जुन्या हॅचबॅकचा कॅम्बर दोन्हीकडे शून्याच्या अगदी जवळ.

एका मुलाला खात्री पटेना. त्याने ओळंबा आणला, चाकासमोर सोडला आणि रिमची वरची कड व खालची कड दोरीपासून किती लांब ते पट्टीने मोजलं. ३८ सेंटिमीटरच्या रिमवर एक अंश म्हणजे साडेसहा मिलिमीटरचा फरक. त्याला फरक अर्धा मिलिमीटर मिळाला. ओळंबा आणि पट्टी, खर्च शून्य, आणि गेजशी उत्तर जुळलं. हे मला फार आवडलं. असा संशय घेणारा मुलगा वर्गात एक तरी असावा.

१२ जुलै

कास्टर. या कोनापाशी मी दर वर्षी रेंगाळते.

चाक ज्या आसाभोवती डावी-उजवीकडे वळतं, तो आस बाजूने पाहिला तर सरळ उभा नसतो, वरचं टोक मागे कललेलं असतं. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. त्याची रेष खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे पडते. चाक त्या बिंदूच्या मागे ओढलं जातं, म्हणून ते आपोआप सरळ होऊ पाहतं. हात सोडून सायकल चालवता येते त्यात या कलाचा मोठा वाटा, आणि वळण संपल्यावर कारचं स्टेअरिंग हातातून सरकत मधोमध येतं तेही त्यामुळेच.

आता हा आस दिसत नाही. वरचं टोक बॉनेटखाली, खालचं बॉल जॉइंटमध्ये. त्याला गेज चिकटवायचं तरी कुठे? मग आडमार्गाने जायचं. कास्टर असलेलं चाक वळवलं की त्याचा कॅम्बर बदलतो. बाहेर वळवलं तर माथा बाहेर जातो, आत वळवलं तर आत. हा बदल मोजायचा आणि त्यावरून आसाचा कल काढायचा.

चाकं टर्नटेबलवर घेतली, पिना काढल्या, ब्रेकचं पेडल दांडा लावून दाबून ठेवलं, नाहीतर वळवताना चाक घरंगळतं आणि गेजही त्याच्याबरोबर फिरतं. चाक २० अंश बाहेर. स्क्रूने कास्टरचा बुडबुडा शून्यावर. मग आत २० अंश, आणि वाचा. तीन अंश.

इथे न थांबता कॅम्बरच्या नळीवरही तेच करून पाहिलं. बाहेर वळवल्यावर अधिक पावणेदोन, आत वळवल्यावर उणे पाव. फरक दोन अंश. त्याला दीडने गुणा, तीन. हे दीड येतं कुठून? २० अंशांची ज्या ०.३४२, दोन्ही बाजूंची मिळून ०.६८४. एक भागिले ०.६८४ म्हणजे १.४६. कास्टरच्या नळीवर खुणा पाडताना हा गुणाकार आधीच केलेला असतो. फळ्यावर हे उतरलं तेव्हा मागच्या बाकावरूनही माना हलल्या.

एकीने विचारलं, “मॅडम, सरळ असताना कॅम्बर शून्य होता. मग एकीकडे पावणेदोन आणि दुसरीकडे फक्त पाव, असं का? दोन्हीकडे एक-एक यायला पाहिजे ना?” प्रश्न उत्तम होता. वळणाचा आस समोरून पाहिला तरी कललेला असतो, वरचं टोक इंजिनच्या बाजूला, या गाडीत १३ अंशांच्या आसपास. त्यामुळे चाक कुठेही वळवा, माथा थोडा बाहेरच जातो. २० अंशांवर पाऊण अंश. दोन्हीकडे तो सारखाच मिळतो, म्हणून वजाबाकीत उडून जातो. ज्याने ही पद्धत शोधली त्याने दोन टोकं का घेतली ते इथे समजतं.

१५ जुलै

टो. टायर खाण्याच्या तक्रारीत पहिला संशय याच्यावर घ्यावा.

वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर आहेत की पुढून जवळ आलेली. जवळ आली तर टो-इन, फाकली तर टो-आऊट. फरक फक्त मिलिमीटरचा, पण गाडी चालते तितका वेळ तो घासत राहतो.

आज कुठलंही मशीन न घेता मोजलं. चाक उचलून फिरवत ठेवलं आणि टायरच्या मधोमध खडूचा पट्टा ओढला. मग लाकडी ठोकळ्यात ठोकलेला खिळा जमिनीवर स्थिर धरून, फिरत्या टायरला हलकेच टेकवला. पांढऱ्या पट्ट्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. रिम वाकडी असली तरी ही रेघ सरळच येते, कारण ती चाकाच्या फिरण्यातूनच निघालेली असते. दोन्ही चाकांवर रेघा झाल्यावर गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलली. उचललेल्या गाडीची चाकं आत ओढली जातात, ती पूर्ववत व्हायला एवढी ढकल लागतेच.

हबच्या उंचीवर रेघ ते रेघ, आधी पुढून. मागून मोजताना मध्ये इंजिनचा सम्प येतो, टेप सरळ जात नाही, त्यासाठी ट्रॅमल गेज: लांब आडवी दांडी, तिच्यावर सरकणारे दोन उभे काटे, दांडी सम्पच्या खालून जाते. पुढे ४ मिलिमीटर कमी भरलं. म्हणजे ४ मिलिमीटर टो-इन, पुस्तकात दिलेल्यापेक्षा जास्त.

चार मिलिमीटरने काय होतं, असं कुणी म्हणण्याआधीच हिशेब मांडला. प्रत्येक चाकाच्या वाट्याला २ मिलिमीटर, टायरचा व्यास ५८०. दर किलोमीटरला चाकाचं तोंड आणि गाडीची वाट यांत साधारण साडेतीन मीटरचं अंतर पडतं. थोडं रबर लवून सोसतं, बाकीचं घासून भरून काढतं. दहा हजार किलोमीटरमध्ये पस्तीसेक किलोमीटर टायर आडवा ओढला गेला.

मग डोळे मिटून हात फिरवायला सांगितलं. बाहेरून आत तळहात गुळगुळीत जातो, आतून बाहेर आणला की रबराच्या धारा बोचतात. हे टो-इन जास्त झाल्याचं लक्षण, उलट असेल तर टो-आऊट. कॅम्बरने खाल्लेला टायर एका खांद्याला झिजतो, पण त्याला अशी धार सहसा येत नाही.

दुरुस्ती: चेकनट सैल करून टायरॉड दोन्हीकडे सारखाच, पाव आट्याहून किंचित जास्त. आट्याची पिच दीड मिलिमीटर, स्टेअरिंग आर्म १२० मिलिमीटर, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात चाक जवळजवळ पाऊण अंश वळतं. पान्हा हातात घेण्याआधी हा आकडा डोक्यात असला की अंदाजपंचे फिरवाफिरवी थांबते.

१६ जुलै

छोटी नोंद, पण महत्त्वाची. पुस्तकात कॅम्बर ०°३०′ छापलाय आणि मशीनच्या जुन्या प्रिंटवर ०.३० आहे. अर्ध्या वर्गाने दोन्ही सारखेच धरले. ०°३०′ म्हणजे ३० मिनिटं, अर्धा अंश, दशांशात ०.५०. आणि ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटं. साठ आणि शंभर यांची ही गल्लत चांगल्या कारागिरांकडूनही होते. उद्यापासून वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक नसेल तर सही करणार नाही.

१९ जुलै

रात्रभर पाऊस. सकाळी फाटकाशी वडापची एक जीप येऊन थांबली. ड्रायव्हरचा पुतण्या आमच्याकडे शिकतो, त्याने सांगितलं असणार.

“ताई, गाडी रिकामी असली की रस्त्यावर तरंगते बघा. स्टेअरिंग वळवल्यावर माघारी येत नाही. अन् माणसं भरली की एकदम गुणाची.”

“मामा, मागे पाटे वाढवलेत का?”

“दोन-दोन टाकलेत. मागनं लय बसत होती.”

उत्तर त्यांच्या बोलण्यातच होतं, पण मुलांनी मोजून काढावं म्हणून मी गप्प राहिले. पुढे सरळ आडवा ॲक्सल, पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला. या रचनेत कॅम्बर आणि किंगपिनचा कल कारखान्यातच ठरतो, टो टायरॉडवर बदलता येतो, आणि कास्टर ठरतो ॲक्सल पाट्यावर किती कलून बसलाय त्यावरून. रिकाम्या गाडीचा कास्टर एका अंशाच्या थोडा वर भरला. मग सात-आठ मुलं मागे बसवून पुन्हा मोजला, अडीचच्या पुढे गेला.

चासीची उंची मोजली. पाटे वाढवल्यामुळे मागची बाजू मूळच्यापेक्षा ५ सेंटिमीटर वर आली होती. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर. ५० भागिले २४०० म्हणजे १.२ अंश. गाडी तेवढी नाकावर झुकली, तिच्याबरोबर ॲक्सल झुकला आणि किंगपिनचा मागचा कल तेवढाच कमी झाला. माणसं बसली की मागची बाजू खाली येते आणि कास्टर परत मिळतो. एकाच गाडीचे हे दोन आकडे, आणि दोन्ही खरे.

उपाय दोन. वाढवलेले पाटे काढा, नाहीतर पुढच्या ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून कास्टर वाढवा. पाचर घातली तर भरलेल्या गाडीत कास्टर गरजेपेक्षा वाढेल आणि कुंभार्ली घाटाच्या वळणांवर स्टेअरिंग जड जाईल. मी पाटे काढायला सांगितलं. मामांना ते पटलं नाही. मागून बसणारी गाडी त्यांना परवडत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. शेवटी एकच पाटा काढायचं ठरलं. माझ्या दृष्टीने ते अपुरं आहे. गाडीत भरतात त्या माणसांचा आकडा कमी झाला पाहिजे, आणि ते पाट्याच्या कारखान्यात ठरणारं काम नव्हे. पण मामा म्हणाले की रिकामी गाडी आणताना ते आता सावकाश आणतील.

२२ जुलै

एका विद्यार्थ्याच्या वडिलांची कार. क्लच प्लेट बदलून आणल्यापासून उजवीकडे ओढते. कुठल्याशा गॅरेजमध्ये “कॅम्बर आऊट आहे” असं सांगून शॉकअप हायड्रॉलिक जॅकने वाकवून द्यायची तयारी दाखवली होती. नशीब, त्यांनी आधी मुलाला विचारलं.

ही वाकवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. धातू एकदा वाकला की त्याच्या आतला रॉडही अडखळतो, आणि मूळ दोष जिथल्या तिथे. ओढतेय एवढ्यावरून निदान होत नाही. आपले रस्ते पाणी निघावं म्हणून कडेला उतरते असतात, डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे झुकतेच. ही मात्र उतार सोडून चढाकडे ओढत होती.

डावा कॅम्बर उणे ३० मिनिटं, उजवा अधिक ३०. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिक असेल तिकडे ओढते, लक्षण जुळलं. पण कारण? तिसरी नळी वापरली. वळणाच्या आसाचा आतला कल डावीकडे १३°३०′, उजवीकडे १२°३०′. आता प्रत्येक बाजूची बेरीज करा. डावी: १३°३०′ वजा ३०′, तेरा. उजवी: १२°३०′ अधिक ३०′, तेरा. बेरीज सारखी!

शॉकअप किंवा स्टब ॲक्सल वाकला असता तर ही बेरीज एका बाजूला बिघडली असती, कारण आस आणि चाक यांच्यातला कोन त्या लोखंडातच पक्का असतो. बेरीज सारखी आणि दोन्ही आकडे विरुद्ध दिशांना सरकलेले, म्हणजे दोन्ही आर्म ज्यावर बसतात तो क्रॉस मेंबरच डावीकडे सरकलाय. क्लचच्या कामासाठी तो उतरवला असणार आणि बसवताना मधोमध आणला नसणार. बोल्ट सैल करून पहारीने ५ मिलिमीटर उजवीकडे घेतला, आवळला, पुन्हा मोजलं. दोन्ही कॅम्बर शून्याजवळ. मग टो नव्याने लावला, कारण क्रॉस मेंबर हलला की टो हलतोच.

एकही सुटा भाग बदलला नाही आणि काही वाकवलं नाही.

२५ जुलै

आज वळणातला टो. डावं चाक टर्नटेबलवर २० अंश बाहेर वळवलं की दुसरं किती फिरतं ते वाचायचं. साधारण १८. वळणाच्या आतल्या बाजूच्या चाकाला लहान वर्तुळ काटायचं असतं, म्हणून ते जास्त वळतं. शुद्ध भूमितीने काढला तर आमच्या गाडीसाठी १७ येतो. बनवणारे थोडी सूट ठेवतात.

ही भूमिती मोटारीच्या आधीची आहे. म्युनिकचा बग्गी बनवणारा गेऑर्ग लँकेन्स्पेर्गर याची ही रचना, १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं रुडॉल्फ आकरमान याने. तो चित्रांचा प्रकाशक, लँकेन्स्पेर्गरचा तिथला प्रतिनिधी, आणि नाव लागलं त्याचं. त्याच्याही कित्येक वर्षं आधी इरॅस्मस डार्विनने, म्हणजे चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी, रोग्यांकडे जाण्याच्या आपल्या बग्गीसाठी असाच विचार केला होता. पूर्ण ॲक्सल मधल्या एका खिळ्यावर वळला की गाडी उलटायची भीती. प्रत्येक चाकाला स्वतःचा आस दिला की ती कमी होते. मुलांना घोड्यांचं ऐकून गंमत वाटली.

२९ जुलै

मुलांना घेऊन टायरच्या दुकानात. बरोबर आमची हॅचबॅक, गेजची पेटी आणि पाण्याची नळी.

मशीन खरोखर देखणं आहे. चारही चाकांना क्लॅम्पने पाट्या बसवतात, पाट्यांवर गोल ठिपक्यांची ठरीव नक्षी. कॅमेऱ्याला गोल ठिपका लंबगोल दिसला की पाटी किती तिरकी आहे ते कळतं. मग गाडी थोडी मागे लोटून पुन्हा पुढे आणतात. त्या हालचालीत पाटी ज्या आसाभोवती फिरली तो चाकाचा खरा आस, मग क्लॅम्प तिरका बसलेला असो की रिम वाकडी. खिळ्याने ओढलेल्या रेघेचंच हे काम.

मागच्या चाकांचे आकडे मुलांना आज पहिल्यांदा दिसले. डावं १२ मिनिटं आत, उजवं ४ मिनिटं बाहेर. दोन्ही उजवीकडे तोंड करून. फरकाचं अर्ध म्हणजे ८ मिनिटं, मागची चाकं गाडीला त्या दिशेने ढकलतात. पुढचा टो गाडीच्या मध्यरेषेला धरून लावला तर स्टेअरिंग सरळ राहणार नाही. मागच्या चाकांच्या या दिशेला धरून लावला तर राहतं. आम्ही खडूने काढलेला टो दोन पुढच्या चाकांमधला होता, त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. मशीनचा मोठेपणा इथे आहे, आणि मी तो वर्गात मोकळेपणाने सांगितला.

पुढचा कॅम्बर मात्र मशीनवर दोन्हीकडे उणे १५ मिनिटं. ओळंबावाल्या मुलाने विचारून त्याच रॅम्पवर आमचं गेज लावलं. डावीकडे शून्य, उजवीकडे उणे ३०. मुलं कुजबुजायला लागली, गेज बिघडलं म्हणून. तो पेटीजवळ गेला आणि नळी घेऊन आला. दुकानाच्या मालकांनी मनाचा मोठेपणा दाखवून परवानगी दिली. रॅम्पची डावी बाजू ६ मिलिमीटर खाली निघाली.

गाडी पाव अंश डावीकडे कललेली. बुडबुडा आडव्या पातळीला धरून बोलतो, म्हणून त्याने डावीकडे १५ मिळवले आणि उजवीकडे १५ कमी केले. कॅमेऱ्याने चारही चाकांच्या मध्यांवरून आपली पातळी ठरवली होती, गाडीबरोबर तीही कलली, म्हणून त्याला कल दिसलाच नाही. दोन्ही बाजूंची बेरीज दोघांचीही उणे ३० आहे, हे त्या मुलाने न सांगता दाखवलं.

मालकांनी रॅम्पच्या पायाचे बोल्ट तिथेच पान्ह्याने फिरवून पाहिले, एक जाम होता. मशीन बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावून कॅलिब्रेशन करून घेतो म्हणाले, आणि त्या दिवशी नळी घेऊन मुलांना परत पाठवायला सांगितलं. प्रिंट वहीत चिकटवला. त्याच्या शेजारी, एककासह, गेजचे आकडे.